दाता निरोगी कसा? : परोपकाराची मात्रा आणि पथ्य

पदवीच्या अभ्यासक्रमात सद्वृत्ताचा भाग आपण बहुतेकांनी परीक्षेपुरता पाठ केला आणि पुढे चिकित्सेच्या धबडग्यात तो मागे पडला. रुग्णाला आपण औषध सांगतो, आहार सांगतो, विहार सांगतो; सद्वृत्त मात्र धन्वंतरी जयंतीच्या भाषणासाठी राखून ठेवतो. वस्तुतः संहिताकारांनी सद्वृत्त हे नीतिशास्त्र म्हणून नव्हे, तर स्वास्थ्यरक्षणाचे साधन म्हणून सांगितले आहे. निरोगी कोण राहतो, याचे उत्तर देताना चरकसंहितेच्या शारीरस्थानातील दुसऱ्या अध्यायात आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील चौथ्या, म्हणजे रोगानुत्पादनीय अध्यायात जी गुणमालिका येते, तिच्यात हितकर आहार-विहार, विचारपूर्वक वर्तन, विषयांबाबत अनासक्ती यांच्याच ओळीत ‘दाता’ हा शब्द बसला आहे. जो देतो तो निरोगी राहतो, असे हे सरळ विधान आहे.

हे विधान कितपत खरे आहे, ते कोणत्या अटींवर खरे ठरते आणि त्याचा आपल्या चिकित्सालयात व औषधालयात काय उपयोग होऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या विषयाकडे मी वळलो तो ग्रंथवाचनातून नव्हे. माझ्याच चिकित्सालयातील दोन रुग्णांनी मला हा विषय शिकविला. त्यांपैकी एकाच्या बाबतीत मला अनपेक्षित यश लाभले; दुसऱ्याच्या बाबतीत माझ्या हातून चूक घडली. दोन्ही अनुभव आपल्यापुढे ठेवतो.

पहिला अनुभव : गुरुजींची निद्रा

कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी एक सेवानिवृत्त शिक्षक माझ्याकडे अनिद्रेसाठी येत असत. वय ६८, वातप्रधान प्रकृती. पत्नीच्या निधनानंतर झोप गेली, पाठोपाठ भूक गेली, मलावरोध सुरू झाला. अश्वगंधा, जटामांसी, ब्राह्मी यांचे कल्प झाले, पादाभ्यंग झाला, शिरोधाराही झाली. प्रत्येक उपक्रमाने चार-सहा दिवस बरे वाटे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आठ महिने हा क्रम चालला होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. सांगली-कोल्हापूर परिसरातील सहस्रावधी कुटुंबे घरे सोडून बाहेर पडली. आमच्या गावच्या शाळेतही निवारा केंद्र उघडले आणि आम्ही काही वैद्य मंडळींनी तेथे औषधांचे टेबल मांडले. रुग्णांची नोंद करायला माणूस नव्हता. गुरुजी सहज चौकशीला आले होते; त्यांच्या हाती वही देऊन मी म्हणालो, “गुरुजी, नाव, वय आणि तक्रार एवढे लिहून घ्या.” ते बसले ते नऊ दिवस बसले. सकाळी आठपासून सायंकाळपर्यंत नोंदी, मध्येच कोणाला पाणी देणे, रडणाऱ्या पोरांना गोष्ट सांगणे असे सारे चालू होते. पाचव्या दिवशी मी सहज विचारले, “झोप लागते का?” ते क्षणभर गोंधळले. झोपेचा विचारच गेले तीन दिवस मनात आला नाही, असे म्हणाले. वर्गातील फरशीवर सतरंजी टाकून हा मनुष्य सहा तास झोपत होता.

इथेच कथा संपली असती तर मी तिला योगायोग म्हटले असते. पण केंद्र बंद झाले, गुरुजी घरी परतले आणि दोन आठवड्यांत अनिद्रा परत आली. औषधे तीच, आहार तोच. तेव्हा माझे लक्ष वेधले गेले. आमच्या गावातील एका औषधविक्रेत्या मित्राशी बोललो. त्याच्या दुकानात वृद्ध ग्राहक पुष्कळ. खोक्यावरची बारीक अक्षरे त्यांना दिसत नाहीत, सकाळची गोळी रात्री घेतली जाते. ठरले असे की, सायंकाळी दोन तास गुरुजींनी दुकानात बसायचे आणि औषधनिर्मात्याने सांगितलेली वेळ व मात्रा प्रत्येक पाकिटावर ठळक मराठीत लिहून द्यायची. लिहिलेले औषधनिर्मात्याने पुन्हा तपासायचे. तीन आठवड्यांत गुरुजींची झोप पाच-साडेपाच तासांवर स्थिरावली. औषधे मी बंद केली नाहीत. परंतु जी औषधे आठ महिने वाया जात होती, ती आता लागू पडू लागली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

शास्त्र काय सांगते?

याची उपपत्ती आपल्या शास्त्रात सहज सापडते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात अग्र्य द्रव्ये व भाव सांगताना रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला, शोषण करणाऱ्यांमध्ये शोकाला आणि प्रीणन करणाऱ्यांमध्ये हर्षाला अग्रस्थान दिले आहे. विमानस्थानात रसवह स्रोतसाच्या दुष्टीची कारणे सांगताना अतिचिंतनाचा स्वतंत्र उल्लेख आहे. शोकग्रस्त, एकाकी मनुष्याचे चित्त दिवसरात्र स्वतःभोवती फिरत राहते. त्यातून वात प्रकुपित होतो, अग्नी विषम होतो, रसधातूचे पोषण थांबते. अशा रुग्णाला “विचार करू नका” असे आपण सांगतो. पण विचार न करणे ही काही कृती नव्हे. ती कोणाला करता येत नाही. दुसऱ्याचे काम हाती घेणे ही मात्र कृती आहे. चित्ताला तेथे विषय मिळतो, दिवसाला वेळापत्रक मिळते, ‘आपल्यावाचून कोणाचे तरी अडते’ ही जाणीव मिळते. विषादाचा अवकाश हर्षाने भरण्याचा हा मार्ग आहे.

अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायात दंतधावन, अंजन, अभ्यंग, व्यायाम यांच्या पाठोपाठच उपजीविका नसलेले, व्याधिग्रस्त व शोकग्रस्त यांना साहाय्य करावे, असे सांगितले आहे. कीटक-मुंगीलाही आत्मवत् पाहावे, अपकार करणाऱ्या शत्रूवरही उपकार करावा, इथपर्यंत वाग्भटाचार्य जातात. हे सारे दिनचर्येत आहे, हे महत्त्वाचे. परोपकार हा त्यांच्या दृष्टीने प्रसंगविशेषी करावयाचा पराक्रम नसून अभ्यंगासारखा नित्याचा उपक्रम आहे.

आधुनिक संशोधनाचा दाखला

पाश्चात्त्य देशांतही गेल्या काही दशकांत या विषयाचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेत स्टेफनी ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४२३ वृद्ध दांपत्यांची पाच वर्षांची माहिती तपासली होती. शेजारी, मित्र, नातेवाईक यांना कामाची मदत करणाऱ्या किंवा जोडीदाराला मानसिक आधार देणाऱ्या वृद्धांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. केवळ आधार घेणाऱ्यांत तसा लाभ दिसला नाही. येथे एक शंका रास्त आहे. ज्याच्या अंगात बळ असते तोच मदतीला धावतो. मग आरोग्य हे कारण आणि मदत हे कार्य असेल काय? संशोधकांनी वय, प्रकृती इत्यादी गोष्टी गणितात धरल्या होत्या. तरीही अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे.

म्हणून प्रयोगात्मक अभ्यास अधिक मोलाचे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात १०६ शाळकरी किशोरांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले होते. एका गटाने सुमारे दोन महिने लहान मुलांना आठवड्यातून एकदा शिकविण्या-खेळविण्याचे काम केले, दुसरा गट प्रतीक्षेत ठेवला. काम करणाऱ्या गटात कोलेस्टेरॉल, देहभार निर्देशांक आणि दाहाचा निदर्शक असलेला इंटरल्यूकिन-६ हा घटक तुलनेने कमी आढळला. २०१६ मधील दुसऱ्या एका प्रयोगात उच्च रक्तदाब असलेल्या ७३ वृद्धांना तीन आठवडे, दर आठवड्याला ४० डॉलर देण्यात आले. काहींनी ते स्वतःवर खर्च करायचे, काहींनी इतरांवर. इतरांवर खर्च करणाऱ्यांचा रक्तदाब तुलनेने उतरला. हे प्रयोग लहान आहेत, त्यांवरून मोठे सिद्धांत उभारू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे.

आणखी एक अभ्यास आपल्या परंपरेच्या दृष्टीने विशेष लक्षणीय वाटतो. सारा कॉनरॅथ व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये स्वयंसेवा करणाऱ्यांचे हेतू तपासले. इतरांच्या भल्यासाठी काम करणाऱ्यांत पुढील चार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण कमी होते. परंतु स्वतःच्या लाभासाठी, म्हणजे स्वतःला बरे वाटावे किंवा स्वतःची चिंता विसरावी या हेतूने काम करणाऱ्यांचे प्रमाण स्वयंसेवा न करणाऱ्यांच्या जवळपास होते. येथे वैद्यापुढे एक पेच उभा राहतो. रुग्णाला “आरोग्यासाठी परोपकार करा” असे सांगितले, तर हेतूच बदलला! गुरुजींना मी तसे सांगितले नव्हते. मला खरोखरच लेखनिक हवा होता. तेव्हापासून मी रुग्णापुढे परोपकाराचा लाभ मांडत नाही, गरज मांडतो.

दुसरा अनुभव : सेवेचे पुण्य

आता दुसरी बाजू. ५२ वर्षांच्या एक गृहिणी आम्लपित्तासाठी येत असत. घरी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्यांचे स्नान, मलमूत्र, कुशी बदलणे, भरविणे सारे या एकट्या करीत. पती नोकरीनिमित्त बाहेरगावी, मुलगी सासरी. त्या आल्या की मी त्यांच्या सेवेची मनापासून प्रशंसा करीत असे. “ताई, आजच्या काळात एवढे कोण करते? याचे पुण्य तुम्हाला लागेल,” असे म्हणून सूतशेखर, कामदुधा, अविपत्तिकर यांची पुडी बांधून देत असे. त्या नमस्कार करून घाईने निघून जात. मागे सासूबाईंजवळ कोणी नसे.

असे चौदा महिने चालले. एके दिवशी त्या माझ्या दारातच घेरी येऊन बसल्या. त्या दिवशी मी प्रथमच त्यांचे वजन केले. ५४ किलोच्या या बाई ४३ किलोवर आल्या होत्या. विचारल्यावर कळले की दोन महिने खोकला होता आणि सायंकाळी अंग कसकसत असे. “इकडे-तिकडे बघायला वेळ कुठे होता, डॉक्टर?” एवढेच त्या म्हणाल्या. थुंकीच्या तपासणीत फुप्फुसाचा क्षय निघाला. सरकारी केंद्रातून सहा महिन्यांचा औषधक्रम पूर्ण करून त्या बऱ्या झाल्या. सासूबाईंचीही तपासणी करावी लागली. सुदैवाने त्यांना संसर्ग नव्हता.

चौदा महिन्यांत त्या माझ्याकडे किमान वीस वेळा आल्या होत्या. वीस वेळा मी त्यांच्या पुण्याचा हिशेब केला आणि एकदाही वजन केले नाही. संसर्ग जंतूचा, हे खरे. पण भूमी कोणी तयार केली? त्या रात्री मी चरकसंहितेच्या निदानस्थानातील सहावा अध्याय काढून वाचला. शोषाची चार आयतने तेथे सांगितली आहेत : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. स्वतःच्या बळापलीकडे सासूबाईंना उचलणे हे साहस. रुग्णाला सोडून जाता येत नाही म्हणून मलमूत्राचे वेग रोखणे हे वेगसंधारण. सततची चिंता आणि अपुरे पोषण यांमुळे धातुक्षय. उभ्याउभ्या, अवेळी, उरलेसुरले खाणे हे विषमाशन. चारही आयतने एकाच घरात, एकाच देहात माझ्या डोळ्यांसमोर उभी होती; आणि सेवेच्या कौतुकाने माझे डोळे झाकले होते. बाकी सारे बाजूला ठेवून प्रथम शरीराचे रक्षण करावे, हा उपदेश चरकाचार्यांनी याच अध्यायात केला आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांच्या हानीचाही अभ्यास झालेला आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६६ ते ९६ वयोगटातील, आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या व त्याचा ताण जाणवत असलेल्या व्यक्तींमध्ये चार वर्षांतील मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. ज्यांना शुश्रूषेचा ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. १९९५ मधील दुसऱ्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर छोटीशी जखम करून ती भरून येण्याचा काळ मोजला गेला. इतर स्त्रियांच्या तुलनेत त्यांना सरासरी नऊ दिवस अधिक लागले. सेवा तीच, एका ठिकाणी ती ओज वाढविते, दुसऱ्या ठिकाणी जखमही भरू देत नाही. भेद कशात आहे?

आचार रसायनाची पूर्ण यादी

या प्रश्नाचे उत्तर चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादात, आचार रसायनाच्या वर्णनात आहे. औषधावाचून रसायनाचे फळ देणारे आचरण कोणते, हे तेथे सांगितले आहे. आपण भाषणात त्यातील सत्य, अक्रोध, दान, करुणा एवढेच उद्धृत करतो. पण यादी तेवढ्यावर संपत नाही. नित्य दान करणारा व नित्य करुणा बाळगणारा जो मनुष्य तेथे वर्णिला आहे, तोच ‘अनायास’ आहे, म्हणजे बळापलीकडे श्रम न करणारा आहे. त्याचे जागरण आणि निद्रा सम आहेत. तो नित्य दूध-तूप सेवन करतो. तो देश, काल व प्रमाण जाणतो. तो युक्तिज्ञ आहे. आणि तो निरहंकारी आहे.

दान आणि झोप, करुणा आणि तूप एकाच यादीत का, हा प्रश्न विद्यार्थिदशेत मला कधी पडला नाही. आज वाटते की नंतरचे गुण हे आधीच्या गुणांचे पथ्य आहे. च्यवनप्राश कितीही उत्तम असला तरी अग्नी न पाहता, शोधन न करता, वाटेल त्या मात्रेत दिला तर तो रसायन ठरत नाही. आमाचे कारण ठरतो. परोपकाराचेही तसेच. वाग्भटाचार्यांनी आर्तांना साहाय्य करावे असे सांगताना ‘शक्तितः’ असा शब्द योजला आहे. या एका शब्दात मात्रेचे सारे तत्त्व आहे. माझ्या रुग्ण भगिनी दाननित्य होत्या. परंतु त्यांना ना निद्रा होती, ना स्नेहयुक्त आहार, ना श्रमाला सीमा. रसायन आम्ही दिले आणि पथ्य काढून घेतले.

घेणाऱ्यालाही देता यावे

या विषयाचा आणखी एक पैलू महाराष्ट्रातील दोन संस्थांच्या कार्यात दिसतो. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाचा आरंभ केला, तेव्हा कुष्ठरोग्याला दान देणारे पुष्कळ होते; त्याच्याकडून काही घेणारे कोणी नव्हते. बाबांनी हा क्रम उलटा केला. तेथील रहिवाशांनी जमीन कसली, विहिरी खोदल्या, धान्य पिकविले. इतकेच नव्हे, तर ज्या समाजाने त्यांना बाहेर टाकले त्याच समाजाच्या मुलांसाठी १९६४ मध्ये आनंदनिकेतन महाविद्यालय उभे करण्यास हात लावले. जंतू औषधाने मरतो. ‘मी निरुपयोगी आहे’ ही भावना मात्र कोणाच्या तरी उपयोगी पडल्यानेच जाते.

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण तेथेच कार्यकर्ते म्हणून नव्या रुग्णांना सावरतात. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या चळवळीचा पायाही हाच आहे. तिच्या बारा पायऱ्यांपैकी शेवटची पायरी इतर मद्यासक्तांना मदत करण्याची आहे, कारण दुसऱ्याला सावरताना स्वतःचे पाऊल घसरत नाही, असा तिच्या संस्थापकांचा अनुभव होता. आपल्या रुग्णालाही आपण केवळ घेणारा समजू नये. दीर्घव्याधीने थकलेला मधुमेही किंवा संधिवाताचा जुना रुग्ण नव्या रुग्णाला पथ्याच्या चार युक्त्या आपल्यापेक्षा चांगल्या सांगू शकतो. त्याला ती संधी देणे हाही चिकित्सेचा भाग आहे.

चिकित्सालयात काय करावे?

माझ्या अल्प अनुभवातून काही व्यवहार्य सूचना मांडतो. त्या शास्त्रवचने नाहीत. विद्वान वैद्यांनी त्यांत दुरुस्ती सुचवावी.

पहिली सूचना प्रश्नपरीक्षेविषयी. अनिद्रा, अग्निमांद्य, जुनाट अंगदुखी असलेल्या एकाकी रुग्णाला “तुमच्यावाचून कोणाचे अडते?” असे विचारावे. “कोणाचेच नाही” असे उत्तर आले, तर ते निदानाच्या दृष्टीने नाडीइतके महत्त्वाचे मानावे. अशा रुग्णापुढे आपल्या परिसरातील एखादी खरी, लहान आणि ठरावीक वेळेची गरज ठेवावी. आरंभी आठवड्यातून दोन तास पुरेसे आहेत. वातप्रकृतीला रोज त्याच जागी, त्याच वेळी करावयाचे काम मानवते. पित्तप्रकृतीला शक्यतो नेतृत्व व हिशेब देऊ नये. त्यातून क्रोध आणि अहंकार वाढून मूळ हेतूच नष्ट होतो. कफप्रकृतीला शरीरश्रमाचे, वृक्षारोपणासारखे काम द्यावे. अवर सत्त्वाच्या मनुष्याला असाध्य रुग्णांच्या शुश्रूषेला पाठवू नये. ज्याला तीव्र विषाद आहे, जीवनेच्छा उरली नाही, त्याला परोपकाराचा उपदेश करणे हे क्रौर्य आहे. त्याला विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे.

दुसरी सूचना शुश्रूषाकर्त्याविषयी. अंथरुणावरील रुग्णाची औषधे नेण्यास जी व्यक्ती येते, तिला चार प्रश्न विचारावेत : जेवता केव्हा? रात्री सलग झोप किती? तुमच्या जागी दोन तास कोण बसेल? गेल्या तीन महिन्यांत वजन किती उतरले? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून न घेता काट्यावरच घ्यावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर घरातील इतरांना बोलावून सांगावे. सुनेने मागितलेली विश्रांती घरात ऐकली जात नाही. वैद्याने लिहून दिलेली विश्रांती ऐकली जाते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी ती औषधाच्या चिठ्ठीवर, औषधाच्याच ओळीत लिहितो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी लांबवू नये, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मी मात्र ते विसरलो होतो.

औषधालयधारकांसाठी

औषधविक्री हा व्यवसाय आहे आणि व्यवसायात नफा असणारच. चरकाचार्यांनी चिकित्सेचा केवळ बाजार मांडणाऱ्याविषयी फार कठोर शब्द वापरले आहेत. तो सोन्याची रास सोडून धुळीची रास गोळा करतो, असा त्यांचा आशय आहे. त्याचा अर्थ औषध फुकट वाटावे असा मी घेत नाही. काउंटरपलीकडच्या माणसाकडे पाहावे असा घेतो. वैद्याकडे रुग्ण महिन्यातून एकदा येतो, आपल्याकडे चारदा. कोणाचा चेहरा उतरत चालला आहे, कोण दर आठवड्याला झोपेचे औषध मागतो, कोण दुसऱ्याची औषधे नेताना स्वतः खोकतो, हे आपल्याला प्रथम दिसते. दुकानात एक वजनकाटा ठेवावा. ठळक अक्षरांत मात्रा लिहून द्यावी. माझे औषधविक्रेते मित्र सांगतात की, गुरुजी बसू लागल्यापासून औषधे चुकल्याच्या तक्रारी घटल्या. आणि सायंकाळी दुकान बंद करताना जो वैताग येत असे, तोही कमी झाला.

वैद्याचे स्वतःचे काय?

लेखाचा शेवट आपल्यापाशीच झाला पाहिजे. दान हा ज्याचा व्यवसायधर्म आहे, त्याला या रसायनाचे पथ्य सर्वाधिक लागू आहे. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आपल्यापैकी कोणीच विसरू शकत नाही. दूरध्वनी रात्री दोन वाजता वाजे आणि तो उचलणे मला कर्तव्य वाटे. त्या काळात माझा रक्तदाब १५० वर ९६ झाला आणि तो मला समजला तो पत्नीने, त्याही वैद्य आहेत, हट्टाने मोजला म्हणून. “रुग्णाला सांगता ते स्वतःला कोण सांगणार?” या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

चरकाचार्यांनी वैद्याची चतुर्विध वृत्ती सांगितली आहे : सर्वांविषयी मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि मृत्युपंथाला लागलेल्याविषयी उपेक्षा. ‘उपेक्षा’ या शब्दाचा आजच्या मराठीतील अर्थ हेळसांड असा असल्याने आपण तो संकोचाने उच्चारतो. तेथे अभिप्रेत आहे ती अलिप्तता. जे आपल्या हाती नाही ते आपल्या खांद्यावर न घेणे. जर्मनीतील मेंदूसंशोधक तानिया सिंगर यांच्या गटाने दुसऱ्याचे दुःख आपल्यात ओढून घेणे आणि त्याच्याविषयी करुणा बाळगणे यांत भेद दाखविला आहे. पहिल्याने मनुष्य खचतो, दुसऱ्याचा अभ्यास केल्याने सावरतो. वैद्याला कारुण्य आणि उपेक्षा दोन्ही एकत्र का सांगितले, याचे मर्म त्यात दिसते.

गुरुजी अद्याप दुकानात बसतात. आता फक्त तीन दिवस, कारण डोळ्यांना शीण होतो. प्रमाण त्यांनीच ठरविले. त्या भगिनींच्या सासूबाई पुढे निवर्तल्या. त्यानंतर काही महिन्यांनी, आमच्याच गल्लीत एका घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे आणि त्याची पत्नी एकटी आहे, असे मी त्यांच्या कानावर घातले. त्याहून अधिक काही बोललो नाही. दर मंगळवारी दुपारी दोन तास त्या तेथे जाऊन बसतात, म्हणजे ती दुसरी झोपू शकते. गेल्या खेपेला त्यांचे वजन ५३ किलो होते. ते आता मी दर वेळी करतो.

दाता निरोगी राहतो, हे शास्त्रवचन सत्य आहे. परंतु त्या दात्याची झोप, भूक आणि वजन पाहण्याचे काम शास्त्राने आपल्यावर सोपविले आहे. इत्यलम्.